हिमशिखरांचा आकाशयात्री : वाल्टर मिटेलहोल्झर

वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात एका स्विस वैमानिकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही, ज्याचे सारे आयुष्य विमाने, काचेच्या प्लेटी आणि बर्फाच्छादित शिखरे यांच्या सान्निध्यात गेले, त्याचा आणि ग्रंथालयाचा संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देण्याऐवजी त्या माणसाचे आयुष्यच वाचकांपुढे ठेवावे, हे बरे. उत्तर त्यातूनच मिळेल.

वाल्टर मिटेलहोल्झर याचा जन्म २ एप्रिल १८९४ रोजी स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन या गावी झाला. वडील पाव भाजण्याचा व्यवसाय करीत. घरी श्रीमंती नव्हती, विद्वत्तेची परंपराही नव्हती. मुलाने हाताला काहीतरी कसब लावून घ्यावे, या रीतीने तो छायाचित्रकाराच्या धंद्यात शिरला. कॅमेऱ्याचे तंत्र, काचेवर रासायनिक लेप देऊन केलेल्या प्लेटी, अंधाऱ्या खोलीतील धुलाई, हे सारे तो पद्धतशीर शिकला. घराच्या दक्षिणेला आल्प्स पर्वत उभा होता. त्या मुलखातील मुलांप्रमाणे त्यालाही गिर्यारोहणाची ओढ लहानपणीच लागली. छायाचित्रण आणि डोंगर ही त्याच्या आयुष्याची दोन चाके अशी तारुण्यातच जुळली. तिसरे चाक पुढे महायुद्धाने जोडून दिले.

पर्वतांचे आकाशातून छायाचित्र घेण्याची कल्पना मिटेलहोल्झरची नव्हे. त्याच्या आधी एदुआर्द स्पेल्टेरिनी या स्विस बलूनवीराने हा मार्ग उघडला होता. ३ ऑक्टोबर १८९८ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ अल्बर्ट हाइम यांना सोबत घेऊन त्याने ‘वेगा’ नावाच्या बलूनमधून सियाँ गावाहून उड्डाण केले होते. पुढील काही वर्षांत आल्प्सची अनेक अप्रतिम छायाचित्रे त्याने वरून टिपली. परंतु बलून वाऱ्याच्या स्वाधीन असते. हवे ते शिखर, हव्या त्या वेळी, हव्या त्या बाजूने पाहायचे तर यंत्राने चालणारे वाहन हवे होते. आल्प्सवरून विमान नेणे हे मात्र त्या काळी जिवाशी खेळणे होते. १९१० साली गेओ चावेझ हा तरुण वैमानिक सिंप्लॉन खिंडीवरून इटलीत पोहोचला खरा, पण उतरताना विमान कोसळले आणि त्यातच त्याचा अंत झाला. १९१३ मध्ये ऑस्कर बिडर याने बर्नहून मिलानपर्यंत आल्प्स ओलांडून दाखविला. विमानातून हिमनद्यांचे चित्रण करण्याचा विचार मिटेलहोल्झरच्या मनात रुजला, तो या पार्श्वभूमीवर.

पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिले. तथापि सरहद्दीच्या रक्षणासाठी त्याने आपले लहानसे वायुदल उभारले. या दलाला आकाशातून छायाचित्रे घेणारी माणसे हवी होती. मिटेलहोल्झर तेथे छायाचित्रकार म्हणून दाखल झाला. दुसऱ्याच्या मागे बसून चित्रे घेण्यावर त्याचे समाधान होईना. १९१७ मध्ये त्याने वैमानिकाचा परवाना मिळविला आणि १९१८ मध्ये लष्करी वैमानिकाचे शिक्षण पूर्ण केले.

१९१९ च्या उन्हाळ्यात त्याने माँ ब्लाँ या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या पर्वतराजाभोवती उड्डाण केले. उघड्या बैठकीच्या दुपंखी विमानातून त्याने मेर द ग्लास, आर्जाँतियेर आणि बोसाँ या हिमनद्यांची छायाचित्रे घेतली. मेर द ग्लास या नावाचा अर्थ बर्फाचा समुद्र. त्या चित्रांत तो समुद्र खरोखरच दरी काठोकाठ भरून वाहताना दिसतो. आपण घेतलेल्या या चित्रांचे पुढे काय होणार आहे, याची त्या पंचवीस वर्षांच्या तरुणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

आज प्रवासी विमानाच्या खिडकीतून सहज एखादे चित्र घेणाऱ्याला त्या काळच्या कष्टांची कल्पना येणे कठीण आहे. उंचावर हवा विरळ होते. तीत माणसाला धाप लागते, तशीच इंजिनचीही शक्ती घटते. कड्याच्या आडोशाला वारा खाली कोसळतो आणि विमानाला आपल्यासोबत खाली ओढतो. कडाक्याच्या थंडीत बोटे बधिर होतात, आणि त्याच बोटांनी जड कॅमेरा स्थिर धरून, प्लेट बदलून, नेमक्या क्षणी कळ दाबावी लागते. माध्यान्हीच्या उन्हात बर्फ नुसता पांढराफटक दिसतो. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या प्रकाशातच त्यावरील भेगा, लाटा आणि सावल्या उमटतात. म्हणून उड्डाणाची वेळही सूर्य पाहून ठरवावी लागे. नकाशे करणारे लोक कॅमेरा सरळ खाली रोखतात. मिटेलहोल्झरची उत्तम चित्रे बहुधा तिरपी आहेत. शेजारच्या शिखरावर उभे राहून पाहावे, तसे दृश्य त्यांत दिसते. मोजमापाला ती थोडी अवघड, पण पाहणाऱ्याला पर्वताचा देह त्यांतच कळतो. तो स्वतः गिर्यारोहक होता, म्हणूनच कोणत्या कड्याकडे कोठून पाहावे, हे त्याला विमानात बसण्यापूर्वीच ठाऊक असे.

नोव्हेंबर १९१९ मध्ये अल्फ्रेड कोम्त या वैमानिकाच्या भागीदारीत त्याने विमानातून छायाचित्रण व प्रवासी फेऱ्या करणारी कंपनी काढली. भांडवल तुटपुंजे होते. पुढच्याच वर्षी ती ‘आद आस्त्रा’ या अधिक सधन कंपनीत विलीन झाली आणि मिटेलहोल्झर तिचा संचालक व प्रमुख वैमानिक झाला. शहरांची, कारखान्यांची आणि पर्यटनस्थळांची आकाशातून घेतलेली चित्रे विकणे हा या कंपनीच्या उत्पन्नाचा एक मार्ग होता. मिटेलहोल्झर व्यवहारी होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रकाराने झाकून ठेवू नये. १९२४ मध्ये लाझार वेक्स्लर याच्याबरोबर त्याने ‘प्रेझेन्स फिल्म’ ही चित्रपटसंस्था स्थापिली. प्रत्येक मोहिमेनंतर पुस्तक, व्याख्याने, चित्रपट आणि वृत्तपत्रांतील लेख अशी त्याची आखणी असे. साहस हे त्याचे वेड होते, तसे ते त्याचे उपजीविकेचे साधनही होते.

१९२३ मध्ये त्याला उत्तरेकडून बोलावणे आले. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचलेला नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन अलास्काहून विमानाने उत्तर ध्रुव ओलांडण्याची तयारी करीत होता. त्याला पलीकडच्या बाजूने साहाय्य करावे, म्हणून युंकर्स बनावटीचे एक विमान स्पिट्सबर्गेन बेटावर धाडण्यात आले. आमुंडसेनचे विमान चाचणीतच मोडले आणि बेत रद्द झाला. तरीही स्पिट्सबर्गेनचे विमान तेथे पोहोचले होते, त्याचा उपयोग करून घेण्याचे ठरले. एका जर्मन वैमानिकाने विमान चालविले आणि मिटेलहोल्झरने कॅमेरा. ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवरील त्या बेटावरील हिमनद्या, समुद्रात कोसळणारे बर्फाचे कडे आणि कोणीही पाऊल न ठेवलेली पठारे त्या उन्हाळ्यात प्रथमच आकाशातून टिपली गेली. पायी चालणाऱ्या संशोधकांना ज्यासाठी कित्येक मोसम वेचावे लागले असते, तो प्रदेश काही तासांत दृष्टीच्या टप्प्यात आला. दुर्गम प्रदेशाच्या शोधात विमान आणि कॅमेरा यांची जोडी काय करू शकते, याचे हे प्रात्यक्षिकच होते.

त्यानंतर मोहिमांची मालिकाच सुरू झाली. १९२४-२५ च्या हिवाळ्यात तो झुरिकहून तेहरानला विमान घेऊन गेला. एल्बुर्झ पर्वतातील सुमारे ५,६०० मीटर उंचीचा दमावंद हा हिमाच्छादित ज्वालामुखी त्याने आकाशातून टिपला. ७ डिसेंबर १९२६ रोजी पाण्यावर उतरणारे डॉर्निअर विमान घेऊन तो झुरिकहून निघाला. अलेक्झांड्रियापासून नाईल नदीचा माग काढीत, आफ्रिकेच्या महासरोवरांवर उतरत, पुढे पूर्व किनाऱ्याने २१ फेब्रुवारी १९२७ रोजी तो केपटाऊनला पोहोचला. या प्रवासाला ७७ दिवस लागले. या मोहिमेत त्याच्यासोबत भूगर्भशास्त्रज्ञ आर्नोल्ड हाइम होते. स्पेल्टेरिनीच्या बलूनमधून गेलेल्या अल्बर्ट हाइम यांचे हे चिरंजीव. बलूनमधून पित्याने आणि विमानातून पुत्राने पर्वत पाहावेत, हा योग मोठा बोलका आहे. याच आर्नोल्ड हाइम यांनी १९३६ मध्ये ऑगस्ट गान्सर या तरुण सहकाऱ्याला घेऊन आपल्या कुमाऊँ हिमालयात भूगर्भसंशोधन केले. हिमालयाच्या घडणीविषयीच्या आधुनिक ज्ञानात त्या कार्याचे स्थान मोठे आहे.

जानेवारी १९३० मध्ये मिटेलहोल्झरने तीन इंजिनांच्या फोकर विमानातून किलिमांजारोवरून उड्डाण केले. ५,८९५ मीटर उंचीच्या या पर्वतावरून विमान नेणारा तो पहिलाच. विषुववृत्ताजवळच्या उन्हात चमकणारे ते हिमाचे मुकुट त्याने वरून टिपले. ही मोहीम एका धनाढ्य युरोपीय सरदाराच्या शिकारीच्या हौसेवर निघाली होती, हेही येथे नमूद करावयास हवे. पुढे तीनच वर्षांनी, ३ एप्रिल १९३३ रोजी, बिहारमधील पूर्णियाजवळच्या धावपट्टीवरून निघालेल्या दोन ब्रिटिश विमानांनी एव्हरेस्टवरून प्रथम उड्डाण केले. त्या मोहिमेतही छायाचित्रण हा मुख्य उद्देश होता. पहिल्या फेरीत हवेतील धुरळ्यामुळे चित्रे मनासारखी आली नाहीत, म्हणून त्याच महिन्यात दुसरी फेरी करावी लागली. असल्या कामात नशिबाचा आणि हवेचा वाटा किती असतो, हे यावरून कळते.

मिटेलहोल्झरची प्रवासवर्णने त्या काळी युरोपात मोठ्या आवडीने वाचली गेली. आज ती वाचताना एक गोष्ट खटकते. आफ्रिकेतील माणसांकडे तो बहुधा वरूनच पाहतो. विमानातून पाहतो म्हणून नव्हे, तर युरोपीय माणसाच्या तत्कालीन अहंभावातून. पर्वतापुढे नम्र होणारी त्याची दृष्टी माणसांपुढे तितकी नम्र होत नाही. साम्राज्याच्या दिवसांत वाढलेल्या अनेक प्रवाशांचा हा दोष त्याच्यातही होता. पारतंत्र्य भोगलेल्या देशातील वाचकांनी तो दृष्टीआड करण्याचे कारण नाही; मात्र त्यापायी त्याच्या खऱ्या कार्याचे मोल कमी लेखण्याचेही कारण नाही.

मार्च १९३१ मध्ये ‘आद आस्त्रा’ आणि ‘बाल्एअर’ या कंपन्या एकत्र येऊन ‘स्विसएअर’ ही विमानकंपनी स्थापन झाली. मिटेलहोल्झर तिचा तांत्रिक संचालक झाला. पुढच्याच वर्षी या कंपनीने लॉकहीड ओरायन ही वेगवान अमेरिकन विमाने आणून साऱ्या युरोपचे लक्ष वेधून घेतले. जबाबदाऱ्या वाढल्या तरी दूरची ओढ सुटली नाही. १९३४ मध्ये अबिसिनियाचे सम्राट हाइले सेलासी यांच्यासाठी घेतलेले विमान पोहोचते करायला तो स्वतःच गेला, आणि त्याही प्रवासावर त्याने पुस्तक लिहिले.

बर्फाळ कड्यांवरून, वाळवंटावरून, समुद्रावरून त्याने अगणित वेळा उड्डाण केले. त्याचे अनेक समकालीन वैमानिक विमानासहच संपले. मिटेलहोल्झरचा अंत मात्र विमानात झाला नाही. ९ मे १९३७ रोजी ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात गिर्यारोहण करीत असताना झालेल्या अपघातात त्याला मृत्यू आला. वय अवघे ४३ वर्षांचे होते. ज्या पर्वतांनी त्याला लहानपणी बोलावले होते, त्यांनीच अखेरीस त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले.

मोठ्या माणसाचे चरित्र बहुधा मृत्यूपाशी संपते. या चरित्राचा अधिक महत्त्वाचा भाग मात्र येथूनच सुरू होतो.

मिटेलहोल्झरच्या पश्चात त्याची चित्रे जपून ठेवली गेली. स्विसएअर कंपनीच्या छायाचित्र विभागाने आकाशचित्रांचा संग्रह वाढवीत नेला. पुढे काळ बदलला. ज्या स्विसएअरचा एका पिढीला अभिमान होता, ती २००१ मध्ये कोलमडली आणि २००२ मध्ये तिचे शेवटचे विमान उतरले. विमाने विकली गेली, कचेऱ्या बंद झाल्या. काचेच्या प्लेटी मात्र वाचल्या. हा संग्रह झुरिकच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचला. आइन्स्टाइन ज्या संस्थेचा विद्यार्थी, तिचेच हे ग्रंथालय. मिटेलहोल्झरची सुमारे १८,५०० चित्रे आज तेथे जतन केलेली आहेत, आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

प्लेटी नुसत्या कपाटात ठेवून भागत नाही. हे शिखर कोणते, ही दरी कोठली, वर्ष कोणते, याची नोंद नसेल तर चित्र मुके राहते. या ग्रंथालयाने आपल्या आकाशचित्रांच्या संग्रहातील स्थळे ओळखण्यासाठी स्विसएअरच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचे साहाय्य घेतले. पुढे सर्वसामान्य नागरिकांनाही या कामात सामील करून घेतले. कोणी आपले गाव ओळखले, कोणी पाऊलवाट, कोणी आता नाहीसा झालेला पूल. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, केवळ जाणिवेने केलेल्या या कामाचे मोल आपल्या वाचनालयाच्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. जीर्ण ग्रंथाला नवा पुठ्ठा घालणारा, दाखल नोंदवहीतील पुसट अक्षरे पुन्हा गिरवणारा हात त्याच जातीचा.

२०१९ साली माँ ब्लाँवरील उड्डाणाला शंभर वर्षे झाली. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे संशोधक मिटेलहोल्झरची जुनी चित्रे घेऊन हेलिकॉप्टरने त्याच आकाशात गेले. शतकापूर्वी विमान नेमके कोठे होते, हे कसे शोधावयाचे? चित्रातील पुढचा सुळका आणि मागचे शिखर ज्या रेषेत दिसतात, ती रेषा आकाशात जुळवून पाहावयाची. अशा दोन-तीन रेषा जेथे छेदतात, तेथे त्या दिवशी मिटेलहोल्झर होता. डोंगर हलत नाहीत, म्हणूनच हे शक्य झाले. डोंगर होते तेथेच होते. बर्फ मात्र नव्हता. मेर द ग्लासची पातळी शतकभरात शंभर मीटरहून अधिक खाली गेलेली आढळते. जेथे बर्फाचा समुद्र होता, तेथे आता दगडगोट्यांनी भरलेली खोल दरी आहे. दोन्ही कड्यांवर एक फिकट पट्टा दिसतो. पूर ओसरल्यावर भिंतीवर खूण राहावी, तसा. पूर्वी बर्फ कोठवर होता, ते तो पट्टा सांगतो.

जुन्या छायाचित्रांची साक्ष अन्य अभ्यासकांनीही काढली आहे. १९१६ ते १९४७ या काळात भूमापकांनी जमिनीवरून घेतलेल्या हजारो छायाचित्रांच्या आधारे स्विस संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, १९३१ ते २०१६ या काळात स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांतील निम्मा बर्फ नाहीसा झाला. त्यानंतर २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत उरलेल्यापैकी सुमारे दहा टक्के बर्फ गेला. किलिमांजारोवरील बर्फाचे क्षेत्र १९१२ पासून ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे हिमनद्यांच्या संवर्धनाचे वर्ष म्हणून पाळले, ते उगाच नव्हे.

सह्याद्रीत हिमनदी नाही, तरी हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. चारधाम यात्रेला जाऊन गोमुखाचे दर्शन घेतलेले कितीतरी वृद्ध सभासद आपल्यात असतील. त्यांनी पाहिलेले गोमुख आणि त्यांची नातवंडे आज पाहतात ते गोमुख एकाच जागी नाही. गंगोत्रीची हिमनदी दशकानुदशके मागे सरते आहे. आजोबांनी तेथे काढलेला एखादा जुना फोटो घरातील पेटीत असेल आणि त्यामागे साल लिहिलेले असेल, तर ती कौटुंबिक आठवण आहेच, शिवाय पुरावाही आहे. साल लिहिलेले नसेल तर ते आजच विचारून लिहून ठेवावे. उद्या विचारण्यास कोणी असेलच, असे नाही.

मिटेलहोल्झरने ती चित्रे कशासाठी घेतली? सौंदर्याच्या ओढीने, नावलौकिकासाठी, आणि पोटासाठीही. हिमनद्या वितळतील आणि आपली चित्रे त्यांची जन्मपत्रिका ठरतील, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. त्याच्या चित्रांना साक्षीचे मोल आले, ते दोन कारणांनी: त्याने काम चोख केले म्हणून, आणि नंतरच्या माणसांनी ते टाकून दिले नाही म्हणून. यांतील पहिल्या कारणाचे श्रेय त्याचे. दुसऱ्याचे श्रेय ज्यांची नावे कोणत्याही चरित्रात येत नाहीत, अशा संग्राहकांचे आणि ग्रंथपालांचे. कोणती वस्तू पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे जपणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. ते ठाऊक नसतानाही जपत राहणे हेच ग्रंथालयाचे काम. शंभर वर्षे ते काम करीत आलेल्या आपल्या वाचनालयाच्या या ग्रंथात त्या आकाशयात्रीची आठवण म्हणूनच केली आहे.